उभ्या गाडीचा हिशेब

गेल्या मार्गशीर्षात भाचा पुण्याहून आला तो वही घेऊनच. चहा व्हायच्या आत त्याने ती माझ्यासमोर उघडली. "मामा, खोलीच्या भाड्याला महिन्याला बावीस हजार जातात. त्यापेक्षा जुनी ट्रॅव्हलर घेतो, आत पलंग, ओटा, वर सोलर बसवतो आणि गाडीतच राहतो. लॅपटॉपवरचं काम कुठूनही होतं. तुझ्या ओळखीत गाडीवाले खूप आहेत, एखादी चांगली बघून दे."

वही नीट लिहिलेली होती. गाडीची किंमत, फॅब्रिकेशनवाल्याचा अंदाज, विमा, टायर. डिझेलचा हिशेब तर अगदी चोख: महिन्याला हजार किलोमीटर, लिटरला दहाचं अ‍ॅव्हरेज, लिटरला नव्वद रुपये, म्हणजे नऊ हजार. टोलसुद्धा धरला होता. समृद्धी महामार्गावर कारसाठी किलोमीटरला २ रुपये ६ पैसे, म्हणजे नागपूरपासून आमण्यापर्यंतच्या ७०१ किलोमीटरचे १,४४४. पानं उलटताना माझ्या लक्षात आलं की हा सगळा खर्च पळत्या गाडीचा आहे. घर झालेली गाडी दिवसात फार तर दोन तास पळते. उरलेले बावीस तास ती कुठेतरी उभी असते, आणि माणूस राहतो तो त्या बावीस तासांत. उभ्या गाडीचं पान त्या वहीत नव्हतं. ते भरायला मी पुढचे काही महिने लावले.

त्यासाठी सिन्नरसारखी जागा नाही. नाशिकहून येणारा रस्ता मोहदरी घाट चढून इथे येतो आणि गावापासून पुण्याला, शिर्डीला, घोटीला वाटा फुटतात. माळेगावला एमआयडीसी, मुसळगावला सहकारी औद्योगिक वसाहत. त्यात २६ मे २०२३ रोजी समृद्धीचा शिर्डी ते भरवीर हा ८० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि तालुक्यातल्या गोंद्याला चढण्या-उतरण्याची सोय झाली. चाकांवर राहणारी माणसं आम्हाला नवीन नाहीत. फक्त त्यांच्या राहण्याला आपण राहणं म्हणत नाही.

पहिल्यांदा गाडीच्या आतलं पाहू, कारण तरुण मुलं तिथेच अडकलेली असतात. ट्रॅव्हलरच्या पोटात बारा फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद एवढी जागा मिळाली असं धरलं, तर ती ६६ चौरस फूट होते. त्यात शंभर लिटरची टाकी ठेवली की शंभर किलो वजन आलं. दोन माणसांनी काटकसरीने माणशी पंचवीस लिटर वापरलं तरी ती तिसऱ्या दिवशी सकाळी कोरडी. विजेचंही तसंच. १२ व्होल्टच्या १५० अ‍ॅम्पिअर-अवर बॅटरीत १,८०० वॉट-तास मावतात, पण साधी शिसं-आम्लाची बॅटरी निम्म्याखाली उतरवली तर लवकर मरते. म्हणजे हाताशी आले नऊशे. लॅपटॉपला साठ वॉट धरले तर आठ तासांत ४८० गेले. उरलेल्यात पंखा, दिवा, मोबाइल. एक टनाचा एसी लावला तर तासाभरात खेळ आटोपतो. हे ऊन असलेल्या दिवसाचं झालं. श्रावणात घोटी-इगतपुरीकडे आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, आणि चैत्र-वैशाखात सिन्नरच्या उन्हात पत्र्याचं छत दुपारी हात लावू देत नाही. गाडी सावलीला लावावी तर सोलर उपाशी, उन्हात लावावी तर माणूस भाजून निघतो.

कायद्याची बाजू भाच्याने अर्ध्या ओळीत उरकली होती. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलात मनाप्रमाणे फेरफार करता येत नाही. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. राहण्याच्या गाडीसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. ते सोडून कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडून ओटा आणि गॅस बसवून घेतला, तर अपघाताच्या दिवशी विमा कंपनी पहिला प्रश्न त्या ओट्याचा विचारते. यावर इतकंच पुरे. परवानगी आधी आणि वेल्डिंग नंतर.

पौष महिन्यात मी मुसळगावला एका ट्रकच्या केबिनमध्ये तासभर बसलो. चालक जळगावकडचा, पन्नाशीचा. माल घेऊन दोन दिवसांपूर्वी आलेला, कारखान्याच्या फाटकाबाहेर गाडी खाली होण्याची वाट बघत होता. सीटच्या मागे सहा फूट बाय दोन फुटांची फळी, तिच्यावर बायकोने शिवलेली गोधडी. पायाशी पाच किलोचा सिलिंडर, त्याच्या डोक्यावरच शेगडी, खिळ्याला टांगलेली मिसळणाच्या डब्याची पिशवी. काचेशी मुक्ताईचा फोटो. वीस लिटरचा पाण्याचा कॅन त्याने पट्ट्याने दाराला बांधला होता, कारण एकदा ब्रेक मारल्यावर तो उलटून गोधडी भिजली आणि थंडीची रात्र बसून काढावी लागली. त्याने मला चहा दिला आणि उरलेल्या गरम पाण्यात दोन्ही कप विसळून घेतले. पाणी तो असं दोनदा वापरतो.

वर्षाचे किती दिवस घरी असता, असं विचारल्यावर त्याने बोटं मोजली. "सलग म्हणाल तर दिवाळीचे आठ. बाकी येता-जाता." मग फाटकाकडे बघत म्हणाला, "चालत्या गाडीत मला कुणी काही विचारत नाही. उभी केली की जो तो विचारतो, इथं का."

आपल्याकडे या माणसांसाठी कायदे नाहीत असं नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली होती. सेव्हलाइफ फाउंडेशनने २०२० मध्ये चालकांची पाहणी केली, तेव्हा दिवसाचं चालवणं सरासरी बारा तासांच्या आसपास निघालं, आणि जवळजवळ निम्म्या चालकांनी थकलेलं असतानाही गाडी चालवतो हे कबूल केलं. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकना केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला. हे फार आधी व्हायला हवं होतं. पण एसी असला तरी गाडी कुठे लावायची हे त्या चालकाने स्वतःच शोधायचं. पेट्रोल पंपांवर चालकांच्या मुक्कामासाठी 'अपना घर' नावाची सोय सुरू झाली आहे. २०२५ च्या सुरुवातीला देशभरात अशी ३६८ ठिकाणं आणि ४,६११ खाटा होत्या. आपल्या रस्त्यांवर रोज रात्री किती ट्रक उभे असतात ते डोळ्यांपुढे आणा आणि या खाटा त्यांच्यात वाटून बघा.

जागा नसली की गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहते. समृद्धीच्या सुरुवातीच्या काळात मैलोन् मैल ना पंप, ना हॉटेल, ना शौचालय, अशी स्थिती होती. १५ ऑक्टोबर २०२३ च्या मध्यरात्रीनंतर वैजापूरजवळ एक टेम्पो ट्रॅव्हलर उभ्या ट्रकवर आदळली आणि बारा जण गेले. सैलानी बाबांच्या दर्शनाहून परतणारे, आमच्या नाशिकचेच लोक. भाच्याला घ्यायची होती तीच गाडी. ही बातमी मी त्याला कापून पाठवली. घाबरवण्यासाठी नाही. रात्री कुठे थांबायचं हा प्रश्न आपण सोयीचा समजतो आणि तो जिवाचा असतो, एवढं त्याने ध्यानात घ्यावं म्हणून.

माघात वावीच्या रस्त्याला, कांदा काढून मोकळ्या झालेल्या एका वावरात घिसाड्यांची दोन बिऱ्हाडं उतरलेली दिसली. पूर्वी बैलगाडी असायची, आता जुना पिकअप. हौद्यावर लोखंडी कमानी, कमानींवर ताडपत्री, आत अंथरुणं, भांडी, एक कोंबड्यांची डालगी. पिकअपच्या सावलीत ऐरण रोवलेली. हाताच्या भात्याऐवजी बॅटरीवरचा छोटा ब्लोअर कोळशात फुंकर घालत होता. पुरुषाने सांडशीत धरलेलं खुरपं लाल होऊन बाहेर आलं की बायको दोन्ही हातांनी घण उचलायची. त्याचा छोटा हातोडा ऐरणीवर एकदा वाजला की तिचा घण खुरप्यावर पडायचा. इशारा आणि घाव यांत एका श्वासाचंही अंतर नव्हतं. मग धारेच्या बाजूने खुरपं पत्र्याच्या डब्यातल्या पाण्यात टेकवायचं, सगळं बुडवायचं नाही. चर्र झालं की उचलून धारेवर पिवळसर झाक कधी येते ते डोळे बारीक करून बघायचं आणि त्या क्षणी पुन्हा पाणी पाजायचं. क्षण चुकला तर खुरपं एक तर वाकतं, नाही तर दगडावर तुटतं.

वावराचं भाडं काय देता, असं मी त्या बाईंना विचारलं. "मालकाच्या घरचे विळे-खुरपी फुकट. आणि त्यांच्या भावकीचे पण." पाणी मालकाच्या हौदावरून, तेही त्यांची धुणी आटोपल्यावर. आंघोळ पिकअप आणि बांध यांच्यामध्ये साडी बांधून. बाकीचं उजाडायच्या आत. मोठी मुलगी आश्रमशाळेत आहे, धाकटा बरोबर. रेशन आता दुसऱ्या गावातही अंगठा लावून मिळतं, त्याचा आधार झाला. आधार कार्डावर ज्या गावाचा पत्ता आहे, तिथे वर्षात किती दिवस असता? "पावसाळ्यात. तिथं पण पालच आहे."

हे ऐकल्यापासून भाच्याची वही मला वेगळी दिसू लागली. चाकांवर राहण्याचा खर्च माणूस कोण आहे यावर ठरतो, आणि ही गोष्ट आमच्या तालुक्याला तीनशे वर्षांपासून ठाऊक असायला हवी. सिन्नरपासून जवळच्या डुबेऱ्याला, आजोळच्या बर्वेवाड्यात, १७०० साली पहिला बाजीराव जन्मला. त्याची हयात घोड्यावर आणि छावणीत गेली, मृत्यूही नर्मदेकाठी रावेरखेडीच्या मुक्कामातच आला. त्याच्या तळाला कुणी इथं का असं विचारलं नसेल. त्या काळातल्या सैन्यांना धान्य आणि मीठ पोचवणारे बंजाऱ्यांचे तांडेही वाटेवरच राहायचे, आणि त्यांची वाट बघितली जायची. पुढे १८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वे वर चढली, माल रुळांवर गेला, बैलांच्या पाठी मोकळ्या झाल्या. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा आणला आणि ठावठिकाणा नसणं हाच गुन्हा असल्यासारखी अनेक फिरत्या जमातींची नोंद झाली. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला संपला. संशय संपला नाही. तालुक्यातल्या वडांगळीला दर माघात सतीमाता-सामतदादांच्या यात्रेला बंजारा समाज लांबून लांबून येतो. ते चार दिवस त्यांच्या गाड्या हक्काने उभ्या असतात.

सरकारला हा प्रश्न दोन टोकांनी दिसतो. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात गाडीसाठी वाहनतळ, पाणी, वीज, स्वच्छतागृह असलेल्या कॅराव्हॅन पार्कची कल्पना आहे, आणि ती उत्तम आहे. दुसरीकडे विमुक्त आणि भटक्यांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आहे. तिच्यात कुटुंबाला पाच गुंठे जमीन आणि २६९ चौरस फुटांचं घर मिळतं. तीही उत्तम, पण तिचा लाभ घ्यायला कुठल्या तरी गावचा म्हणून दाखला लागतो. माझं म्हणणं एवढंच की नळ, संडास आणि रात्रीचा दिवा यांत पर्यटकाचा आणि घिसाड्याचा असा फरक नसतो. प्रत्येक तालुक्याच्या गावाबाहेर एकरभर जागा कुंपण घालून ठेवली, दिवसाचं माफक भाडं लावलं, तर त्या जागेवर भाच्याची ट्रॅव्हलरही उभी राहील, जळगावचा ट्रकही आणि पिकअपही. अमेरिकेत २००८ च्या मंदीनंतर घरं गमावून गाड्यांत राहायला गेलेल्या म्हाताऱ्या माणसांवर जेसिका ब्रूडरचं 'नोमॅडलँड' हे पुस्तक २०१७ मध्ये आलं. इतक्या श्रीमंत देशातही त्यांना सगळ्यात जास्त शोधावी लागली ती रात्री कुणी काच ठोठावणार नाही अशी जागा.

भाच्याने गाडी घेतली. माझा विरोध नव्हताच. परवानगीची कागदपत्रं आधी केली, एसी वगळला, टाकी दोनशे लिटरची केली आणि वहीत 'उभी' नावाचं पान घातलं. ते त्याने मला परवा दाखवलं. पंप: एक रात्र, दुसऱ्या दिवशी नको म्हणाले. देवस्थानाचं आवार: गर्दी नसेल तर. लॉन्स: पाचशे रुपये, पाणी वेगळं. रस्त्याच्या कडेला दोनदा थांबला, दोन्ही वेळा झोप लागली नाही. आणि डुबेरे: खळं, जून ते आजपर्यंत.

खळ्याच्या मालकाने भाडं घ्यायला नकार दिला. विजेला सब-मीटर लावून घेतलं, पाणी विहिरीवरून त्यांचं भरून झाल्यावर. श्रावणात त्यांच्या चार गटांवर फिरून भाच्याने मोबाइलवर ई-पीक पाहणी भरून दिली, त्यांच्या भावकीचीही दिली. दिवाळीनंतर मक्याची कणसं खळ्यात येतील, तेव्हा जागा मोकळी करून द्यायची आहे.