मोनिका पास झाली, यार!

लग्नाच्या गाऊनमध्ये, भिजलेली रेचल धावत कॉफीशॉपमध्ये शिरते... 'फ्रेण्ड्स'चा पहिला एपिसोड आपल्यातल्या अनेकांना तोंडपाठ आहे. २२ सप्टेंबर १९९४ला अमेरिकेत तो एनबीसीवर झळकला. पण खरा ड्रामा त्याआधीच, पडद्यामागे झाला होता!

कारण मोनिका. बायको सोडून गेल्याचं रडगाणं गाणाऱ्या पॉलवर ती भाळते आणि पहिल्याच डेटला त्याच्यासोबत रात्र घालवते. दुसऱ्या दिवशी कळतं, हीच थाप त्याने आणखी एकीला मारलीय!

चॅनेलच्या बड्या साहेबांना धास्ती, की अशी मुलगी लोकांना आवडणार नाही. मग काय, रिहर्सल बघायला आलेल्या प्रेक्षकांच्या हातात चक्क प्रश्नावली! मोनिकाबद्दल काय वाटतं? आणि उत्तरांचे पर्याय कसले, तर शिव्याच. पण निर्माते मार्टा कॉफमन आणि डेव्हिड क्रेन सांगतात, की प्रेक्षकांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. मोनिकाची ती रात्र एपिसोडमध्ये राहिली आणि मालिका १० सीझन, २३६ एपिसोड चालली.

थाप मारली पॉलने, कॅरॅक्टर तपासलं गेलं मोनिकाचं. ओळखीचं वाटतंय ना? ऑफिसच्या कॅण्टीनमध्ये एखादीच्या डेटची चर्चा रंगली, की तीच प्रश्नावली आपल्याही हातात येते. कोरीच परत करा!