हॅलो, ऐकू येतंय का?

सुट्टीत मंठ्याला गेलं की माझं ऑफिस म्हणजे घराची गच्ची. रेंज तिथेच मिळते. गेल्या दिवाळीत तिथूनच एका संपादकांना फोनवर स्टोरी आयडिया सांगत होते. मधेच पलीकडे एकदम शांतता. घाबरून विचारलं, ‘सर, आर यू लिसनिंग?’ दोन सेकंदांनी थंडगार आवाज आला, ‘ऑफ कोर्स आय ॲम.’ फोन लगेच आटोपला. ते काम काही मिळालं नाही. कारण हेच असेल असं नाही, पण रुखरुख लागली ती लागलीच.

झोल काय झाला? मला विचारायचं होतं, ‘ऐकू येतंय का?’ आणि विचारलं काय, तर ‘लक्ष आहे ना?’ वर्गात बाई दरडावतात तसं! साधं ‘कॅन यू हिअर मी?’ पुरलं असतं.

राज्यातल्या मराठी शाळांत 2000 साली पहिलीपासून इंग्रजी आलं. आमची बॅच त्यानंतरची. तरी वहीत शब्दार्थ काय, तर हिअर म्हणजे ऐकणे आणि लिसन म्हणजेही ऐकणे! खरं तर हा फरक मराठीला चांगला ठाऊक आहे. वरातीतला डीजे मला ऐकू येतो. मी तो ऐकत नसते. आपसूक कानावर पडतं ते हिअर, आपण कान देतो ते लिसन. दिसणं आणि बघणं, तसंच.

पण बॉस, एवढ्याच फंड्यावर विसंबू नका. ‘तुझं लग्न ठरल्याचं ऐकलं’ यात मराठीत ‘ऐकणं’च आहे, पण इंग्रजीत ‘आय हर्ड’. तिथे ‘लिसन’ चालत नाही. कोर्टात न्यायाधीश चांगलं लक्ष देऊन ऐकतात, तरी सुनावणी म्हणजे ‘हिअरिंग’. शिवाय कोणाचं किंवा काय ऐकायचं ते सांगायचं, तर लिसननंतर ‘टू’ हवाच, ‘लिसन टू मी’. हिअरला तो लागत नाही. फोनवर ‘आर यू हिअरिंग मी?’ही नको. ‘पोरगं ऐकत नाही’ या तक्रारीत मात्र इंग्रज आईसुद्धा ‘लिसन’च वापरते.

आमची आई इंग्रजीच्या वाटेला जात नाही. परवा पुण्याहून फोन केला. खरखर होती म्हणून विचारलं, ‘आई, ऐकू यायलंय का गं?’

‘मला यायलंय की. तूच ऐकत नाहीस. जेवलीस का?’