आर्वीची छोटी गाडी कोणाच्या पैशावर चालत होती?



ऊसनोंदीच्या कामाने रोहण्याकडे गेलो की एक प्रश्न हमखास येतो, "साहेब, आपली गाडी पुन्हा सुरू व्हाची काय?" ही मागणी रास्त आहे. पण गाडी मागण्याआधी तिचा हिशेब समजून घेतलेला बरा.

पुलगाव–आर्वी ही सुमारे ३५ किलोमीटरची नॅरोगेज लाईन १९१७ साली सुरू झाली. रोहणा हे तिच्यावरचे स्टेशन. ही लाईन सरकारची नव्हती. मालकी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची, अन् त्या कंपनीचा कारभार किलिक निक्सन या विलायती पेढीकडे. गाडी चालवायची मात्र जी. आय. पी. रेल्वेने, पुढे मध्य रेल्वेने. मूर्तिजापूरहून अचलपूर व यवतमाळला जाणारी 'शकुंतला' याच कंपनीची. देशातल्या बहुतेक रेल्वे सरकारी झाल्या, या लाईनी तेवढ्या खासगी राहिल्या.

लाईन टाकली ती कापसासाठी. उतारू हे वरकड उत्पन्न. छोट्या लाईनीची रुंदी अडीच फूट, मोठ्या लाईनीची साडेपाच फूट. त्यामुळे पुलगावला प्रत्येक गाठ एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरावी लागे. ट्रक आल्यावर ही दुहेरी हमाली कोणाला परवडणार? कापूस सडकेने गेला आणि उतारूंच्या स्वस्त तिकिटाला असलेला टेकूच निघाला.

तिकिटावर गाडी का चालत नाही, हे कारखान्याच्या सभासदाला वेगळे सांगायला नको. बॉयलर एकदा पेटला की ऊस कमी येवो की जास्त, पगार आणि देखभाल चुकत नाही. तसेच इंजिन, ड्रायव्हर, गार्ड, गँगमन हे वीस उतारूंनाही लागतात अन् दोनशेंनाही. काही वर्षांपूर्वी रेल्वेने तिकिटावरच छापले होते की प्रवासखर्चाचे सरासरी ५७ टक्केच वसूल होतात. बाकीची भर मुख्यतः मालवाहतुकीतून पडते. ज्या लाईनीवर माल नाही, तिथे ही भर कोठून यायची?

त्यात मालक एक आणि चालवणारा दुसरा. रेल्वेने कंपनीला वापराचा मोबदला द्यायचा. मग रूळ, स्लीपर बदलायला पैसा कोणी घालावा? बटईच्या वावरात विहीर कोणी खोदावी, तसाच हा पेच. रूळ जुने झाले की वेग उतरतो. शकुंतलेचा वेग शेवटी ताशी वीस किलोमीटरच्या आसपास आला होता. एस. टी. गावच्या फाट्यावर येते, वेळेत पोचवते. उतारू तिकडे वळले, उत्पन्न घटले, आणि घटलेले उत्पन्न दाखवूनच फेऱ्या कमी करता येतात. माझ्या मते छोट्या गाड्या मेल्या त्या या चक्राने. नुसते "लोक बसत नव्हते" म्हणणे अर्धेच खरे.

आता खर्च वाटून घ्यायची रीत आली आहे. वर्धा–यवतमाळ–नांदेड या नव्या ब्रॉडगेज लाईनीत ६० टक्के वाटा रेल्वेचा, ४० टक्के राज्य शासनाचा. तिचा वर्धा–कळंब हा तुकडा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला.

परंतु हा वाटा रूळ टाकण्यापुरता. रोजच्या फेरीचा तोटा कोण सोसणार, हा प्रश्न निराळा आहे. आर्वीच्या गाडीसाठी निवेदन देताना तो पहिल्या कलमात लिहावा. दुसऱ्या कलमात माल लिहावा: कापूस, सोयाबीन, संत्रा, खत, साखर, यातले कोणते अन् किती टन चढेल. आणि तिसऱ्यात वेळापत्रक, कारण पुलगावला नागपूर-मुंबईकडच्या गाड्यांशी मेळ बसला नाही, तर रोहण्याचा माणूस पुन्हा एस. टी.च्याच फाट्यावर उभा राहील.

— ऊस विकास अधिकारी