मुक्काम एक, वाटा चार

सहकुटुंब प्रवास म्हणजे रोज नवे गाव, रोज नवे बिऱ्हाड आणि रोज पहाटे सामानाची बांधाबांध, अशी आपल्याकडे समजूत होऊन बसली आहे. घरात वृद्ध माणसे आणि लहान मुले असली म्हणजे ही पद्धत कोणासच मानवत नाही. ह्यावर आमच्या अनुभवाचा उपाय असा की, एके ठिकाणी मुक्काम करावा, रोज सकाळी एक वाट धरावी आणि दिवेलागणीस परतावे. गेल्या पौषात आम्ही रत्नागिरीस असा मुक्काम केला. त्याची हकीकत वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहो.

रत्नागिरी हे वास्तविक आमचे मूळ गाव. परंतु आजोबांच्या पश्चात घर आणि आगर विकले गेल्यामुळे आपल्याच गावी आम्हांस उतारा शोधावा लागला. गावाच्या कडेला एका कुटुंबाने आपल्या घरातील चार खोल्या पाहुण्यांकरिता राखून ठेविल्या आहेत. तेथे आम्ही सात माणसे उतरलो. त्यांत आमच्या आत्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आणि नातू दहा वर्षांचा. सकाळी मऊभात, मेतकूट आणि पोह्याचा पापड, रात्री कुळथाचे पिठले आणि तांदळाची भाकरी, एवढी व्यवस्था असली म्हणजे आणखी काय हवे?

पहिली वाट गावातलीच. रत्नदुर्ग किल्ला सकाळीच पाहावा. ऊन चढल्यावर तटावरून फिरणे वृद्धांस झेपत नाही. घोड्याच्या नालासारखा आकार, तीन बाजूंस समुद्र, आत भगवतीचे देऊळ. तेथून लोकमान्यांच्या जन्मस्थानी जावे. २३ जुलै १८५६ ह्या दिवशी टिळकांचा जन्म झाला, ते कौलारू घर आज स्मारक म्हणून जतन केलेले आहे. सायंकाळ थिबा राजाच्या राजवाड्याकरिता ठेवावी. १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतले आणि ब्रह्मदेशाच्या ह्या शेवटच्या राजास पदच्युत केले. पुढील वर्षी त्यास रत्नागिरीस आणून ठेविले. हा वाडा बांधून होईपर्यंत १९१० साल उजाडले, आणि १९१६ च्या डिसेंबरात राजा येथेच वारला. तीस वर्षांच्या बंदिवासापैकी वाड्याचे सुख सुमारे सहा वर्षांचेच. आता तेथे वस्तुसंग्रहालय आहे. जवळच्या टेकाडावरून भाट्याची खाडी आणि समुद्र दिसतो. ज्या देखाव्यासाठी आपण पैसे खर्चून येतो, तोच देखावा त्या राजास तीस वर्षे पाहावा लागला, हे मुलांस अवश्य सांगावे.

दुसरी वाट उत्तरेची. आरे-वारे मार्गाने गणपतीपुळे सुमारे पंचवीस किलोमीटर आहे. एका वळणावर खालचा समुद्र आणि दोन्ही पुळणी एकदम दृष्टीस पडतात. तेथे वाहन थांबवून घटकाभर बसावे. पुळ्याचा गणपती स्वयंभू, पश्चिमेस तोंड केलेला. येथे डोंगरच देवस्वरूप मानला असल्याने प्रदक्षिणा सबंध डोंगरास घालावी लागते. ती सुमारे एक किलोमीटरची आहे. सूचना एवढीच की, येथील समुद्र दिसतो तसा सौम्य नाही. त्याने आजवर पुष्कळांचे प्राण घेतले आहेत; मुलांस घोट्याच्या वर पाण्यात जाऊ देऊ नये. पुढे अगदी जवळ मालगुंड आहे. केशवसुत १८६६ मध्ये येथे जन्मले आणि १९०५ मध्ये हुबळीस प्लेगने वारले. कोकण मराठी साहित्य परिषदेने १९९४ साली त्यांचे स्मारक उभे केले. आयुष्यभर शिक्षकाच्या तुटपुंज्या पगारावर राहिलेल्या ह्या कवीच्या घरी उभे राहताना, आम्ही स्वतः शिक्षक असल्यामुळे, जरा अधिक वेळ रेंगाळलो.

तिसरी वाट दक्षिणेची. पावस येथे स्वामी स्वरूपानंदांचे समाधिमंदिर आहे. १९७४ मध्ये त्यांनी देह ठेविला. त्यापूर्वी सुमारे चाळीस वर्षे ते ह्याच गावी एका घरी राहिले. पुढे मुचकुंदी नदीच्या मुखाशी पूर्णगडाचा लहानसा किल्ला लागतो आणि त्याहून पुढे कशेळी. तेथील कनकादित्य हे सूर्याचे देऊळ. आपल्या प्रांतात सूर्याची देवळे फार थोडी. शिलाहार राजा दुसरा भोज ह्याचा शके १११३ चा, म्हणजे इसवी सन ११९१ चा, ताम्रपट ह्या गावाशी निगडित आहे. परंतु कशेळीच्या सड्यावर त्याहूनही कितीतरी जुने काही आहे. जांभ्या कातळात कोरलेला एक प्रचंड हत्ती, आणि त्याच्या देहात इतर अनेक प्राणी! अशी कातळशिल्पे जिल्ह्यात ठिकठिकाणी सापडली असून, त्यांपैकी निवडक स्थळे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत घेण्यात आली. ही पाहावयास दुपारी जाऊ नये. उन्हे तिरपी झाली म्हणजे रेषा स्पष्ट उठून दिसतात. रेषांवर मात्र पाय देऊ नये.

त्या रात्री नातवाने वहीत 'प्रेक्षणीय स्थळे' असा मथळा लिहून यादी केली आणि आम्हांस शब्दाचा अर्थ विचारला. जुन्या सवयीने आम्ही सांगितले की, ह्यातील 'अनीय' प्रत्ययाचे अर्थ दोन : पाहण्यास योग्य ते, आणि पाहिलेच पाहिजे ते. त्यावर तो म्हणाला, "मग आजोबा, आपण रोज येता-जाता ज्या देवळावरून जातो, ते पतितपावन मंदिर यादीत का नाही?"

त्याचे म्हणणे खरे होते. तीन दिवस आम्ही त्या देवळावरून गेलो आणि थांबलो नाही. म्हणून चौथी वाट तिकडची ठरली.

१९२४ पासून १९३७ पर्यंत सावरकर रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध होते. राजकारणाची बंदी असता त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध कार्य उभारले. त्यांच्या प्रेरणेने दानशूर भागोजीशेठ कीर ह्यांनी स्वतःच्या पैशाने हे लक्ष्मीनारायणाचे मंदिर बांधिले, आणि फेब्रुवारी १९३१ मध्ये शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी ह्यांच्या हस्ते तेथे प्रतिष्ठा झाली. दार पहिल्या दिवसापासून सर्व जातींच्या हिंदूंस खुले. हे आम्ही पायऱ्यांशी उभे राहून सांगितले, तेव्हा नातवाने विचारले, "हे देऊळ सर्वांचे होते, तर बाकीची कोणाची होती?"

सदतीस वर्षे आम्ही वर्गात प्रश्नांस उत्तरे दिली. ह्या प्रश्नाशी मात्र अडखळलो. उत्तर आत्यांनी दिले.

"आपली होती," त्या म्हणाल्या. "तात्या ह्या देवळाची पायरी कधी चढले नाहीत. माणूस वाईट नव्हता रे. पण भावकी वाळीत टाकील म्हणून भ्यायचे. आपल्या आगरात नारळ पाडायला येणारा गडी तहानेला झाला, की ओटीखाली ओंजळ धरून उभा राही आणि आम्ही वरून पाणी ओतायचो. मीही ओतले आहे. आठ वर्षांची असेन."

आमच्या घराण्यात ही गोष्ट कोणी कधी बोलले नव्हते. आमचे वडीलही बोलले नाहीत, आणि आम्हीही कधी विचारले नाही. पतितपावन मंदिर हे गावचे भूषण, असे शाळेत शिकविणारे आम्ही. पण आपले घर त्या वेळी कोणत्या बाजूस होते, हे जाणून घेण्याचे आम्ही टाळले होते.

आत्यांनी नातवाच्या खांद्यावर हात ठेविला आणि एकेक पायरी चढून त्या आत गेल्या. गाभाऱ्यासमोर बऱ्याच वेळ उभ्या होत्या. बाहेर आल्यावर त्यांनी पाणी मागितले, आणि नातवाने बाटली पुढे करताच ती त्याच्या हातातून घेऊन त्या प्याल्या. पुढे कोणी काही बोलले नाही.

असो. रत्नागिरीस जाणाऱ्या कुटुंबांस आमचे सांगणे एवढेच की, मुक्काम एक ठेवावा, तीन दिवस वर लिहिलेल्या वाटांस द्यावे, आणि चौथा दिवस मोकळा राखावा. ज्या जागेवरून आपण न थांबता पुढे जातो, ती जागा त्या दिवशी पाहावी. घरातील वडील माणसांस बरोबर अवश्य न्यावे, आणि मुलांच्या प्रश्नांस त्यांना उत्तर देऊ द्यावे. नातवाच्या वहीत आता त्या मंदिराचे नाव आहे. ते त्याने यादीत पहिल्या क्रमांकावर लिहिले आहे.