चिठ्ठी खिशातच राहते

“टेन्शन आहे का?” असं विचारलं की पुरुष हमखास “नाही” म्हणतो. “झोप कशी लागते?” म्हटलं की बोलायला लागतो. मी जिल्ह्याच्या ठिकाणी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रात, समुपदेशक आहे. समोर ट्रकचालक बसतात, बांधकामावरचे मजूर, ऊसतोडीला जाणारे. घरी बायको असून पुरुषांशी संबंध असलेलेही. सरकारी केंद्रांत एचआयव्हीचं औषध २००४पासून मोफत मिळतं. तरी गोळ्या चुकतात, आणि पुष्कळदा दारूपायी.

दारूवर गोळी घेतली तर ‘अंगावर येईल’ अशी त्यांची समजूत. म्हणून प्यायले की त्या रात्री गोळी नाही. दरडावलं, तर पुढच्या खेपेला पितो हेच लपवतात. मी सांगते, प्यायलात तरी गोळी चुकवू नका. पूर्वीच्या गोळीत एफाव्हिरेंझ असे. चक्कर, विचित्र स्वप्नं, काहींना उदासी. म्हणून ती झोपताना घ्यायची, नेमकी पिण्याच्या वेळी! आताच्या टीएलडी गोळीतलं डोल्युटेग्राव्हिर सकाळीही चालतं. दात घासले की गोळी, एवढ्या बदलानेही बरंच सावरतं. दारू सोडवणं मग सावकाश.

उदासीचं अवघड. गेल्या दोन आठवड्यांत कशात मन लागत नाही असं झालं का? निराश वाटलं का? पीएचक्यू-२ म्हणतात ते हे दोन प्रश्न. उत्तर ‘हो’कडे झुकलं तर पुढे नऊ प्रश्न, त्यातला शेवटचा मरणाच्या विचारांचा. तो घाईत विचारायचा नसतो.

पूर्वी मी मनोविकार विभागाची चिठ्ठी देई. इमारत दुसरी, केसपेपर नवा, रांग नवी. अर्धा रोज आधीच बुडालेला, त्यात तिथल्या बाकावर गावचा कोणी भेटला तर? चिठ्ठी खिशात घालून माणूस थेट एसटी स्टँड गाठायचा. आता ठरलेल्या दिवशी मानसोपचाराचे डॉक्टरच आमच्याकडे बसतात. दोन्ही औषधांचे कागद एकाच टेबलावर असणंही गरजेचं आहे: मनोविकारात दिलं जाणारं कार्बामाझेपिनसारखं औषध डोल्युटेग्राव्हिरची रक्तातली पातळी खाली आणतं.

ट्रकवाल्यांना ठरलेला दिवस जमत नाही. त्यांना टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर देते. ही मोफत सेवा २०२२पासून आहे, मराठीतही. पण गाडीत शेजारी क्लीनर असताना असलं कोण बोलणार? म्हणून पहिला फोन मी केंद्रातूनच लावून देते आणि दार ओढून बाहेर थांबते.