ऑनलाइन अभ्यासक्रमांचे मूल्यमापन व सुधारणा : बहुस्रोत प्रत्याभरणाचा उपयोग

प्रस्तावना :

उच्च शिक्षणात ऑनलाइन अभ्यासक्रमांना आता केवळ पूरक स्थान राहिलेले नाही. २००३ मध्ये आय.आय.टी. संस्था व बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्था यांनी ‘एनपीटीईएल’ हा प्रकल्प सुरू केला आणि २०१७ मध्ये ‘स्वयम्’ हे राष्ट्रीय व्यासपीठ कार्यान्वित झाले. एका सत्रातील २० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’द्वारे पूर्ण करण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये दिली होती. २०२१ च्या विनियमांनी ही मर्यादा ४० टक्क्यांपर्यंत वाढविली. साहजिकच या अभ्यासक्रमांच्या गुणवत्तेचा प्रश्न प्रत्येक महाविद्यालयाचा प्रश्न बनला आहे.

वर्गात अध्यापन करताना विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावरून अध्यापकाला पुष्कळ काही कळते. न समजलेला मुद्दा तो तेथेच पुन्हा सांगतो. ध्वनिचित्रफितीद्वारे शिकविताना ही सोय नसते. ही उणीव नियोजनपूर्वक मिळविलेल्या प्रत्याभरणाने भरून काढावी लागते. असे प्रत्याभरण कोणकोणत्या स्रोतांकडून मिळते, प्रत्येक स्रोताच्या मर्यादा कोणत्या आणि त्यांचा एकत्रित विचार कसा करावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

मूल्यमापनाचे दोन हेतू :

मायकेल स्क्रिव्हन यांनी १९६७ मध्ये आकारिक व संकलित मूल्यमापन असा भेद केला. अभ्यासक्रम चालू असताना सुधारणेसाठी केलेले मूल्यमापन ते आकारिक, तर शेवटी निर्णयासाठी केलेले ते संकलित होय. आपल्याकडील अभिप्राय प्रपत्रे बहुधा सत्राच्या शेवटी भरून घेतली जातात. त्यांचा लाभ झालाच तर पुढील वर्षीच्या विद्यार्थ्यांना होतो; ज्यांनी ती भरली, त्यांना होत नाही. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाच्या मूल्यमापनासाठी प्रतिक्रिया, अध्ययन, वर्तन व परिणाम असे चार स्तर मांडले. समाधानविषयक प्रश्नावली यांपैकी केवळ पहिल्या स्तराला स्पर्श करते.

प्रत्याभरणाचे स्रोत :

१) विद्यार्थ्यांचे अभिप्राय : अभ्यासक्रमाचा अनुभव विद्यार्थीच घेत असल्याने हा स्रोत अपरिहार्य आहे, तथापि तो सर्वस्वी विश्वसनीय नाही. मॅकनेल, ड्रिस्कॉल व हंट यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील एका ऑनलाइन अभ्यासक्रमाच्या अभ्यासात एक पुरुष व एक स्त्री अशा दोन सहायक अध्यापकांनी प्रत्येकी एका गटाला स्वतःच्या व दुसऱ्या गटाला परस्परांच्या ओळखीने शिकविले. अध्यापक प्रत्यक्षात कोणीही असो, पुरुष समजल्या गेलेल्या अध्यापकास विद्यार्थ्यांनी अधिक गुण दिले. उट्ल व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये केलेल्या विश्लेषणात अध्यापकाला मिळालेले गुण व विद्यार्थ्यांचे प्रत्यक्ष अध्ययन यांत लक्षणीय सहसंबंध आढळला नाही. म्हणून ‘अध्यापक कसे वाटले?’ यापेक्षा ‘या आठवड्यातील कोणता मुद्दा समजला नाही?’ हा प्रश्न अधिक उपयुक्त ठरतो. तो तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात विचारल्यास त्याच सत्रात सुधारणा शक्य होते.

२) अभ्यासक्रम अर्धवट सोडणारे विद्यार्थी : केटी जॉर्डन यांच्या २०१४ च्या अभ्यासात मोठ्या खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचे पूर्णतेचे सरासरी प्रमाण सुमारे ६.५ टक्के आढळले. सत्राअखेरचे प्रपत्र शेवटपर्यंत टिकलेलेच भरतात. ज्यांना अभ्यासक्रम जमला नाही, परवडला नाही किंवा ज्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही, त्यांचा आवाज त्यात उमटत नाही. अशा विद्यार्थ्यांपैकी काहींशी दूरध्वनीवरून संवाद साधला तरी अडचण आशयाची, भाषेची की साधनांची, हे स्पष्ट होऊ शकते.

३) प्रणालीतील नोंदी : कोणती ध्वनिचित्रफीत किती वेळ पाहिली, स्वाध्याय केव्हा सादर झाला, याची नोंद अध्ययन व्यवस्थापन प्रणालीत आपोआप होते. गुओ, किम व रुबिन यांनी २०१४ मध्ये ‘एडएक्स’वरील सुमारे ६९ लाख दर्शन-सत्रांचे विश्लेषण केले. लहान ध्वनिचित्रफितींत विद्यार्थी अधिक गुंततात व सुमारे सहा मिनिटांनंतर लक्ष ओसरते, असे त्यांना आढळले. मात्र नोंदी ‘काय घडले’ एवढेच सांगतात. ‘का घडले’ हे सांगत नाहीत. फीत थांबविणारा विद्यार्थी कंटाळला होता की टिपणे काढीत होता, हे नोंदीवरून कळत नाही.

४) स्वाध्याय व परीक्षांचे निकाल : प्रत्येक प्रश्नाचे काठिण्य व भेदनक्षमता तपासणे हेही प्रत्याभरणच होय. एखादा प्रश्न वरच्या व खालच्या अशा दोन्ही गटांतील बहुसंख्य विद्यार्थ्यांचा चुकत असेल, तर दोष विद्यार्थ्यांत नसून प्रश्नाच्या रचनेत किंवा अध्यापनात असण्याचा संभव अधिक असतो.

५) सहकारी अध्यापक : उद्दिष्टे, आशय व मूल्यमापन यांची सुसंगती विषयतज्ज्ञच जाणू शकतो. अमेरिकेत २००३ मध्ये आरंभ झालेल्या ‘क्वालिटी मॅटर्स’ उपक्रमात तीन समीक्षकांचा गट निश्चित निकषांच्या आधारे ऑनलाइन अभ्यासक्रम तपासतो. येथे परीक्षण अभ्यासक्रमाच्या रचनेचे होते, अध्यापकाचे नव्हे. हा भेद सहकाऱ्यांमधील संकोच दूर करणारा आहे.

६) अध्यापकाचे आत्मपरीक्षण : स्टीफन ब्रुकफिल्ड यांनी १९९५ मध्ये स्वानुभव, विद्यार्थी, सहकारी व सैद्धांतिक साहित्य अशा चार दृष्टिकोनांतून अध्यापनाकडे पाहण्याचे सुचविले. प्रत्येक घटकानंतर लिहिलेल्या चार ओळी सत्राअखेरीस मोलाच्या ठरतात.

७) माजी विद्यार्थी व नियोक्ते : शिकलेले प्रत्यक्ष उपयोगी पडले काय, या प्रश्नाचे उत्तर याच घटकांकडे असते. नॅकच्या २०१७ च्या सुधारित चौकटीत विद्यार्थी व अध्यापक यांच्यासह या दोन्ही घटकांच्या प्रत्याभरणाचा समावेश करण्यात आला.

स्रोतांचा एकत्रित विचार :

समजा, एका ऑनलाइन अभ्यासक्रमास ६० विद्यार्थ्यांनी प्रवेश घेतला. सत्राअखेर ३८ विद्यार्थ्यांनी प्रपत्र भरले व त्यांपैकी ३१ जणांनी समाधान व्यक्त केले. अहवालात ‘८२ टक्के विद्यार्थी समाधानी’ अशी नोंद होईल. परंतु प्रवेशितांच्या तुलनेत हे प्रमाण ५२ टक्केच भरते. उर्वरित २२ जण गप्प आहेत. प्रणालीतील नोंदींवरून असे दिसते की, तिसऱ्या घटकाची २५ मिनिटांची फीत निम्म्याहून अधिक जणांनी नवव्या मिनिटाला सोडली. त्याच घटकावरील एक प्रश्न हुशार विद्यार्थ्यांचाही चुकला. सहकारी अध्यापकाच्या मते नवव्या मिनिटाला वापरलेल्या संज्ञेची व्याख्या पुढील घटकात येते. अभ्यासक्रम सोडलेल्या काहींनी सांगितले की, मोबाइलवरील डेटा संपल्याने फीत पूर्ण पाहता आली नाही.

यांपैकी कोणताही एक स्रोत अपुरा आहे. केवळ प्रपत्र पाहिले असते तर काहीच बदलले नसते. केवळ नोंदी पाहिल्या असत्या तर फीत लहान करून अध्यापक थांबला असता. सर्व स्रोत एकत्र ठेवल्यावर तीन सुधारणा स्पष्ट होतात : व्याख्या आधी द्यावी, फितीचे लहान भाग करावेत आणि तोच आशय कमी डेटा लागणाऱ्या लिखित स्वरूपातही उपलब्ध करावा. दोन स्रोतांत विसंगती आढळल्यास त्यांची सरासरी काढू नये. ती विसंगती हाच पुढील शोधाचा आरंभबिंदू मानावा.

अंमलबजावणीसाठी सूचना :

१) सुधारणेसाठी घेतलेले प्रत्याभरण अध्यापकाच्या पदोन्नतीशी जोडू नये. तसे झाल्यास अध्यापक सोप्या स्वाध्यायांकडे व उदार गुणदानाकडे वळण्याचा धोका संभवतो.
२) विद्यार्थ्यांची ओळख गुप्त राखावी. लहान गटात हस्ताक्षर किंवा ई-मेल यांवरूनही ती उघड होते.
३) प्रत्येक सत्रात दोन किंवा तीनच सुधारणा निश्चित कराव्यात व पुढील सत्रात त्यांचा परिणाम तपासावा.
४) कोणती सूचना स्वीकारली व कोणती का स्वीकारता आली नाही, हे विद्यार्थ्यांना कळवावे. उत्तर न मिळाल्यास पुढील प्रपत्रे यांत्रिकपणे भरली जातात.

समारोप :

प्रत्याभरण गोळा करणे व त्याचा उपयोग करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. अनेकदा प्रपत्रे भरली जातात, आलेख तयार होतात, कार्यवाही अहवाल जोडला जातो आणि फाइल कपाटात जाते. अभ्यासक्रम मात्र होता तसाच राहतो. यात खरे नुकसान होते ते तिसऱ्या घटकापाशी थांबलेल्या विद्यार्थ्याचे. वर्गात तो मागच्या बाकावर तरी दिसला असता. ऑनलाइन अभ्यासक्रमात तो यादीतील एक नाव एवढाच उरतो. विविध स्रोतांचे प्रत्याभरण वेळेवर व परस्परांशी पडताळून वापरले, तर तो विद्यार्थी पुन्हा अध्यापकाच्या दृष्टिपथात येतो. बहुस्रोत प्रत्याभरणाचे खरे शैक्षणिक मूल्य यातच आहे.