विश्लेषण : ३६५ बेटे, एक बंड आणि शिडाची नौका... पनामाच्या ‘गुना याला’मधली सुट्टी वेगळी का ठरते?

इन्स्टाग्रामवर ‘सॅन ब्लास’ असे शोधले की एकाच साच्यातले रील समोर येतात. काचेसारखे पाणी, मूठभर वाळूचे बेट, चार-पाच माड आणि जवळच नांगरलेली पांढरी शिडाची नौका. रीलमध्ये एक गोष्ट दिसत नाही. त्या माडाला कोणीतरी मालक आहे. बेटावर माणूस राहत नसला तरी तिथे पडलेला नारळ उचलणे ही गुना लोकांच्या लेखी चोरीच. कोकणातल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. इथे तर अनेक दशके नारळच चलन होता. कोलंबियाच्या व्यापारी बोटी किराणा घेऊन यायच्या आणि नारळ भरून परत जायच्या.

गुना याला आहे कुठे?

पनामाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर, कोलंबियाच्या सीमेपर्यंत पसरलेली ही चिंचोळी पट्टी आणि तिच्यासमोरची बेटे. बेटांची संख्या सुमारे ३६५ सांगितली जाते, म्हणजे वर्षाच्या दिवसांइतकी. वस्ती मात्र पन्नासएक बेटांवरच आहे. लोकसंख्या तीसएक हजार. सॅन ब्लास हे स्पॅनिश नाव. पूर्वी या लोकांना ‘कुना’ म्हणत. २०११ मध्ये सरकारने त्यांच्या मागणीनुसार ‘गुना’ हे रूप अधिकृतपणे स्वीकारले.

हा पनामाचाच भाग असला तरी इथला कारभार गुना काँग्रेस पाहते. पनामा सिटीहून जीपने डोंगर ओलांडून कार्तीच्या धक्क्याकडे निघालात की वाटेत गुना लोकांचा नाका लागतो. तिथे पासपोर्ट दाखवून प्रवेशशुल्क भरावे लागते. जमीन बाहेरच्या माणसाला विकत घेता येत नाही, त्यामुळे मोठ्या हॉटेल साखळ्यांची रिसॉर्ट इथे नाहीत. शिडाच्या नौकेवरची सुट्टी इथे एवढी लोकप्रिय होण्याचे निम्मे कारण हेच. राहायचे तर गुना कुटुंबाच्या साध्या झोपडीत, नाहीतर स्वतःच्या बोटीवर.

नौकेवरून नेमके काय पाहतात?

कोलंबियातील कार्ताहेना ते पनामा हा प्रवास बॅकपॅकर मंडळींमध्ये प्रसिद्ध आहे. दोन्ही देशांमध्ये दारिएनचे जंगल आहे आणि तिथे रस्ताच नाही. उत्तर अमेरिकेतून निघालेला पॅन-अमेरिकन महामार्ग इथे येऊन तुटतो. मग चार-पाच दिवसांचा सागरी प्रवास, त्यातले दीड-दोन दिवस खुल्या समुद्रात आणि उरलेले बेटांमध्ये. बाकीचे पर्यटक पनामाकडूनच येऊन नौका भाड्याने घेतात. डिसेंबर ते एप्रिल हा कोरडा आणि चांगल्या वाऱ्याचा हंगाम.

नांगर टाकल्यावर थोड्याच वेळात ‘उलू’ येते. एका झाडाचे खोड कोरून केलेली ही होडी. तिच्यात मासे, लॉबस्टर, केळी आणि ‘मोला’ असतात. लॉबस्टरचा विणीचा काळ बंदीचा असतो. त्या काळात कोणी आणून दिला तरी घेऊ नये. स्कूबा डायव्हिंगला पूर्ण बंदी आहे, तोंडात नळी धरून वरवर पोहायला हरकत नाही. फोटो काढण्याआधी विचारायचे आणि अनेकदा त्यासाठी डॉलर मोजायचा. एटीएमच्या भरवशावर राहू नका, सुटे डॉलर जवळ ठेवा.

खरी अडचण वेगळीच आहे. बहुतेक सहली निर्मनुष्य बेटांवर रेंगाळतात आणि ‘संस्कृती’साठी गावात अर्धा तास देतात. तेवढ्यात हाती लागतात ते दोन फोटो आणि एक खरेदी. गाव समजून घ्यायचे असेल तर मुक्काम हवा, आणि शक्यतो गुना वाटाड्या हवा.

गावात समजून घेण्यासारखे काय?

गावाच्या मध्यभागी ‘ओनमाकेद नेगा’ म्हणजे सभागृह असते. ‘साइला’ म्हणजे गावचे प्रमुख झोळीत बसून पूर्वजांचा इतिहास गाऊन सांगतात. ती भाषा रूपकांनी भरलेली असते, म्हणून शेजारी ‘अर्गर’ बसतो आणि लोकांना अर्थ उलगडून सांगतो. याच सभेत भांडणे मिटतात, कामे वाटली जातात, पर्यटकांचे नियमही ठरतात.

लग्नानंतर नवरा बायकोच्या घरी राहायला जातो. बायका हातापायांना मण्यांचे पट्टे गुंडाळतात, नाकात सोन्याची कडी घालतात. आणि अंगात मोला. मोला म्हणजे ब्लाऊजच्या पुढच्या-मागच्या बाजूला लावलेला कापडी नक्षीचा तुकडा. आपल्या गोधडीत कापडावर तुकडे जोडत जातात, इथे उलट. वेगवेगळ्या रंगांची कापडे एकावर एक ठेवायची, वरचे कापून कडा आत दुमडायच्या आणि बारीक टाके घालायचे. खालचा रंग नक्षी होऊन वर येतो. एका तुकड्याला कित्येक आठवडे लागू शकतात. घासाघीस करण्याआधी टाके मोजून पाहा!

या नक्षीवर समाजाचा हक्क आहे, हे पनामाने २००० च्या कायद्याने मान्य केले. २०१९ मध्ये नायकेने मोलासारखी नक्षी असलेला बूट ‘प्वेर्तो रिको’च्या नावाने आणायचे ठरवले होते. गुना लोकांनी आक्षेप घेतला आणि कंपनीला तो बाजारात येण्याआधीच मागे घ्यावा लागला.

त्या झेंड्यावर स्वस्तिक कसे?

इथले १९२५ सालचे चिन्ह पाहून मराठी माणूस थबकतोच. त्याचा आपल्या स्वस्तिकाशी किंवा नाझींशी संबंध नाही. एका सांगण्यानुसार तो जग निर्माण करणारा ऑक्टोपस आहे.

झेंड्यामागची कथा मोठी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पनामा सरकारने गुना लोकांना ‘सुधारण्याचे’ ठरवले. पोलीस बायकांच्या नाकातल्या कड्या आणि पायांतले मणी उतरवायला लावत, मोला घालू देत नसत. फेब्रुवारी १९२५ मध्ये सिमराल कोलमन आणि नेले कांतुले यांच्या नेतृत्वाखाली बंड झाले, ‘तुले’ प्रजासत्ताक जाहीर झाले. मार्चमध्ये अमेरिकेच्या मध्यस्थीने तह झाला आणि पुढे १९३८ मध्ये स्वायत्त प्रदेश मिळाला. दुसऱ्या महायुद्धात गैरसमज नको म्हणून चिन्हावर नाकातल्या कडीचे लाल वर्तुळ काढण्यात आले. दर फेब्रुवारीत गावोगावी हे बंड पुन्हा वठवले जाते. म्हणजे बोटीवरून उतरलेल्या पर्यटकाला जो ‘पारंपरिक पोशाख’ दिसतो, तो घालता यावा म्हणून लोक लढले आहेत.

बेटे टिकतील का?

इंजिनीअरिंग शिकलेल्या कोणालाही इथले गणित अस्वस्थ करते. बेटे समुद्रपातळीपेक्षा जेमतेम मीटरभर उंच, काही त्याहूनही कमी. पाणी वाढते आहे आणि माणसेही. जागा कमी पडली म्हणून पिढ्यान् पिढ्या प्रवाळ तोडून भराव घातला गेला, आणि लाटा अडवणारी भिंत हीच प्रवाळाची होती. हा दोष फक्त हवामान बदलावर टाकता येणार नाही, हे गुना लोकही नाकारत नाहीत.

कार्तीच्या धक्क्यासमोरचे गार्दी सुगदुब हे सर्वात गजबजलेल्या बेटांपैकी एक. जून २०२४ मध्ये तिथल्या सुमारे ३०० कुटुंबांना मुख्य भूमीवर इस्बेर्याला या नव्या वसाहतीत घरे देण्यात आली. बांबूच्या भिंती आणि झावळ्यांचे छप्पर जाऊन एकसारखी, रांगेतली पक्की घरे आली. पुराची भीती गेली, पण दारातला समुद्रही गेला. मासेमारीला जायचे तर आधी किनाऱ्यापर्यंत पोहोचावे लागते. काही कुटुंबे अजूनही बेटावरच आहेत. पर्यटकांच्या बोटी रोज सकाळी त्यांच्या समोरूनच निर्मनुष्य बेटांकडे जातात.